मागे पडणाऱ्या मुलांपैकी विशेष शिक्षण कोणाला मिळते? न्यू जर्सीच्या सार्वजनिक शाळेतील सेवेचे एका आईने केलेले परीक्षण

न्यू जर्सीतील मराठी घरांत मुलांच्या अभ्यासाचा विषय निघाला की बोलणे गणिताच्या वरच्या तुकडीकडे, स्पेलिंगच्या स्पर्धेकडे आणि पुढच्या कॉलेजकडे जाते. आपले मूल दुसरीत असूनही सलग चार ओळी वाचू शकत नाही, हे मात्र कोणी चारचौघांत सांगत नाही; मीही वर्षभराहून अधिक काळ सांगितले नव्हते. या मौनामुळे सार्वजनिक शाळांकडून विनामूल्य मिळणाऱ्या विशेष शिक्षण सेवेविषयी आपल्या लोकांना फार थोडे ठाऊक असते, आणि जे ठाऊक असते त्यातील बरेचसे चुकीचे असते. माझा धाकटा मुलगा जून २०२३ पासून ही सेवा घेत आहे. सेवेच्या आत गेल्यानंतर त्याला जे मिळाले ते उत्तम होते, हे मी मनापासून सांगते. आत जाण्याची वाट मात्र शाळेने आपणहून दाखवली नाही, आणि ती शोधण्यात आमचे पंधरा महिने गेले. शाळेचे किंवा गावाचे नाव मी देणार नाही, कारण मला लिहायचे आहे ते या सेवेच्या पात्रतेविषयी, कोणा एका मुख्याध्यापकांविषयी नाही.

सुरुवात नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. मुलगा पहिलीत होता. बालवाडीचे त्याचे वर्ष करोनामुळे घरी पडद्यासमोर गेले होते, त्यामुळे अक्षरओळख कच्ची राहिली असेल असे आम्हीही धरून चाललो होतो. पालकसभेत मी बाईंना विचारले की याला वाचनासाठी काही विशेष मदत मिळू शकेल का. त्यांनी फार आपुलकीने सांगितले की या तुकडीतील बरीच मुले करोनामुळे मागे आहेत, घरात दोन भाषा बोलल्या जात असल्याने त्याला थोडा वेळ लागेल, आणि तसाही तो पास होतो आहे, तेव्हा थांबून पाहू. साताऱ्याहून सासूबाईंनी फोनवर तेच सांगितले: त्याचे काकाही तिसरीपर्यंत वाचत नव्हते, पुढे इंजिनियर झाले. दोन्ही बाजूंनी धीर मिळाल्यावर मी थांबले. आज मागे वळून पाहताना वाटते की बाईंच्या त्या एका वाक्यात पात्रतेविषयीचे तीन प्रश्न दडलेले होते, आणि त्यांपैकी एकाचेही उत्तर कोणी शोधलेले नव्हते.

या सेवेचा पाया १९७५ साली अमेरिकी संसदेने केलेल्या कायद्यात आहे. त्यापूर्वी, १९७० साली, अमेरिकेतील शाळा अपंगत्व असलेल्या पाच मुलांपैकी फक्त एकालाच शिकवत होत्या. उरलेल्यांना दारातूनच परत पाठवले जाई. १९९० मध्ये या कायद्याला आयडिया हे आजचे नाव मिळाले आणि २००४ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. ३ ते २१ वर्षे वयाच्या पात्र मुलांना त्यांच्या गरजेनुसार योग्य शिक्षण विनामूल्य देणे सार्वजनिक शाळांवर त्याने बंधनकारक केले. एवढेच नव्हे, अशी मुले शोधून काढण्याची जबाबदारीही त्याने शाळांवरच टाकली आहे. २०२२-२३ या शालेय वर्षात देशभरात सुमारे ७५ लाख मुले, म्हणजे सार्वजनिक शाळांतील साधारण १५ टक्के विद्यार्थी, ही सेवा घेत होती. त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश मुले विशिष्ट अध्ययन अक्षमता या एकाच गटातील होती. आपल्या मनात विशेष शिक्षण म्हटले की चाकाच्या खुर्चीवरील किंवा मुळीच न बोलणारे मूल उभे राहते. प्रत्यक्षात या सेवेतील सर्वांत मोठा गट वर्गात इतरांसारख्याच दिसणाऱ्या, बोलणाऱ्या, हसणाऱ्या मुलांचा आहे.

मग मागे पडणारे प्रत्येक मूल पात्र ठरते का? मुळीच नाही, आणि येथेच पालकांची गल्लत होते. कायद्यात अपंगत्वाचे १३ गट दिलेले आहेत. अध्ययन अक्षमता, वाचा आणि भाषेतील अडचण, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, श्रवण किंवा दृष्टीतील दोष, भावनिक अस्वस्थता, मेंदूला झालेली इजा असे ते गट असून, अवधान टिकत नसलेली मुले आरोग्यविषयक इतर अडचणी या गटात येतात. मूल यांपैकी एखाद्या गटात बसले पाहिजे, ही पहिली अट. त्या अडचणीचा त्याच्या शिक्षणावर प्रतिकूल परिणाम झालेला असला पाहिजे, ही दुसरी. तिसरी अट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: त्या मुलाला खास त्याच्यासाठी बेतलेल्या शिकवणीची गरज असली पाहिजे. केवळ थोडा जास्त वेळ दिला, पुढच्या बाकावर बसवले, एवढ्याने काम भागत असेल तर ते मूल या कायद्याखाली पात्र ठरत नाही. याशिवाय, मूल मागे पडण्याचे मुख्य कारण वाचन किंवा गणित नीट शिकवलेच गेले नाही हे असेल, किंवा इंग्रजी पुरेशी येत नाही हे असेल, तर त्या कारणावरून त्याला अपंग ठरवता येत नाही. हा अपवाद मला न्याय्य वाटतो. शाळेने न शिकवल्याचे खापर मुलाच्या मेंदूवर फोडले जाऊ नये यासाठी तो केलेला आहे.

आमच्या बाबतीत मात्र हाच अपवाद आडवा आला. करोना म्हणजे शिकवणे झाले नाही, आणि मराठी म्हणजे इंग्रजी कच्ची, अशी दोन सोपी उत्तरे शाळेजवळ तयार होती. प्रवेशाच्या वेळी घरची भाषा कोणती या रकान्यात आम्ही अभिमानाने मराठी लिहिले होते, त्यामुळे मुलाची इंग्रजीची चाचणीही झाली होती आणि तीत तो सहज उत्तीर्ण झाला होता. तो कागद शाळेच्याच फायलीत होता. तरीही दोन भाषांचे कारण सव्वा वर्ष आम्हाला ऐकवले गेले. खरे सांगायचे तर शंकेचे निरसन माझ्या स्वतःच्या मनात मराठीनेच केले. उन्हाळ्याच्या सुटीत मी त्याला देवनागरी शिकवायला बसले. गोष्ट सांगताना हा मुलगा वीस मिनिटे अस्खलित मराठी बोलत असे, शब्दही नेमके वापरत असे. पण ‘कमळ’ या शब्दातून ‘क’ काढला तर काय उरते, हे त्याला सांगता येत नव्हते. पाटीवर ‘प’ आणि ‘ष’ रोज नव्याने ओळखावे लागत. इंग्रजीचे स्पेलिंग अवघड असते हे मान्य, पण जसे लिहावे तसे वाचावे अशी आपली लिपी असतानाही तो तिथेच अडखळत होता. अडचण भाषेची नसून शब्दातील ध्वनी सुटे करण्याची आहे, हे मला त्या आठवड्यात कळून चुकले.

दुसरीत गेल्यावर शाळेने त्याला मदतीच्या गटात घातले. न्यू जर्सीत प्रत्येक सार्वजनिक शाळेत विशेष शिक्षणाच्या अलीकडची एक समिती असते. वर्गातच टप्प्याटप्प्याने मदत देऊन मूल कसा प्रतिसाद देते हे ती पाहते. ही कल्पना चांगली आहे. अनेक मुले या टप्प्यावरच सावरतात आणि त्यांना पुढे जावे लागत नाही. वाईट आहे ती तिची अंमलबजावणी: आठ आठवडे एक उपाय, त्याचा आढावा, पुन्हा आठ आठवडे दुसरा उपाय, आणि मूल्यमापनाविषयी विचारले की ‘आधी हे पूर्ण होऊ द्या’. केंद्रीय शिक्षण खात्याने जानेवारी २०११ मध्येच राज्यांना लेखी कळवले आहे की अशा टप्प्यांच्या मदतीचे कारण देऊन मूल्यमापन लांबवता किंवा नाकारता येणार नाही. ही गोष्ट मला स्पॅन या न्यू जर्सीतील पालक मार्गदर्शन संस्थेकडून समजली. ती फोनवर विनामूल्य सल्ला देते, आणि माझ्या मते शाळेशी पहिली बैठक होण्यापूर्वी प्रत्येक पालकाने तिच्याशी एकदा बोलून घ्यावे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मी पत्र लिहिले. पत्र एका पानाचेही नव्हते. माझ्या मुलाला अपंगत्व असावे अशी मला शंका आहे, म्हणून विशेष शिक्षणाच्या पात्रतेसाठी त्याचे संपूर्ण मूल्यमापन करावे अशी मी विनंती करते, एवढाच त्याचा आशय होता. सोबत त्याच्या वहीची दोन पाने आणि घरी वाचताना घेतलेल्या वेळेची नोंद जोडली. जे पंधरा महिने तोंडी विनंत्यांनी झाले नव्हते, ते या पत्राने सुरू झाले. याचे कारण शाळेच्या मनात अचानक माया उत्पन्न झाली हे नव्हे. न्यू जर्सीत लेखी विनंती मिळाली की शाळेच्या सुट्या वगळून २० दिवसांत बैठक घ्यावीच लागते, आणि उन्हाळी सुटी त्यातून वगळता येत नाही. बोललेल्या शब्दापासून ही मुदत सुरू होत नाही. सेवेतील सर्वांत मोठा दोष मला हाच वाटतो. ज्या मुदतीवर सगळे अवलंबून आहे ती कशाने सुरू होते, हे पालकसभेत, शाळेच्या माहितीपत्रात किंवा समितीच्या बैठकीत कोणीही आम्हाला एकदाही सांगितले नाही. पालकांच्या हक्कांची पुस्तिका राज्याने तयार केलेली आहे आणि ती चांगली आहे, पण आमच्या हातात ती पत्र दिल्यानंतर आली.

बैठकीत एका टेबलाभोवती शाळेचे पाच जण आणि आम्ही दोघे होतो. बोलणे इतक्या संक्षिप्त नावांत चालले होते की पहिली दहा मिनिटे मी फक्त ती लिहून घेत होते. तिथेही पहिला आक्षेप गुणांचा आला: मुलाला सर्व विषयांत ‘बी’ श्रेणी आहे, तो पुढच्या वर्गात जाणार आहे, मग प्रतिकूल परिणाम कुठे झाला? हे ऐकून पूर्वी मी गप्प बसले असते. या वेळी मी तयारीने गेले होते. केंद्राच्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे की मूल नापास झालेले नसले आणि वर्गामागून वर्ग पुढे जात असले तरीही, अपंगत्वामुळे विशेष शिक्षणाची गरज असल्यास त्याला ही सेवा मिळाली पाहिजे. मी ते वाक्य वाचून दाखवले आणि मुलाला बी कसा मिळतो तेही सांगितले. वर्गात बाई धडा मोठ्याने वाचत, तो ऐकून पाठ करत असे, आणि प्रश्नांची उत्तरे स्मरणातून देत असे. अनोळखी उतारा समोर ठेवला की तोच मुलगा मिनिटाला तीस शब्दांवर अडत होता. शाळेच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि मूल्यमापनाला त्याच बैठकीत मान्यता मिळाली.

यापुढच्या कामाला मी पूर्ण गुण देते. न्यू जर्सीत मूल्यमापन करणाऱ्या शाळेच्या पथकात, म्हणजे चाइल्ड स्टडी टीममध्ये, तीन व्यक्ती असतात: मानसशास्त्रज्ञ, अध्ययनातील अडचणींच्या तज्ज्ञ शिक्षिका आणि शालेय समाजसेविका. आम्ही लेखी संमती दिल्यापासून ९० दिवसांच्या आत मूल्यमापन, पात्रतेचा निर्णय आणि पात्र ठरल्यास सेवेची सुरुवात, एवढे सगळे व्हावे लागते. मानसशास्त्रज्ञांनी बुद्धिमापन केले, तज्ज्ञ शिक्षिकेने वाचन, लेखन आणि गणिताच्या चाचण्या घेतल्या, शिवाय वर्गात मागे बसून त्याचे निरीक्षण केले. समाजसेविका आमच्याशी दीड तास बोलल्या. घरी कोण काय बोलते, आजी-आजोबा किती दिवस येऊन राहतात, मराठीत तो गोष्ट कशी सांगतो, घराण्यात आणखी कोणाला वाचायला उशीर झाला होता का, हे त्यांनी विचारले. सासूबाईंनी सांगितलेली काकांची गोष्ट, जी मी धीराची म्हणून ऐकली होती, ती त्यांनी पुरावा म्हणून लिहून घेतली. वाचनातील अडचण घराण्यात उतरू शकते हे मला तेव्हा कळले. पुढे काकांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, ‘वहिनी, मी अजूनही कागद दोनदा वाचल्याशिवाय सही करत नाही.’

अहवाल बैठकीच्या किमान १० दिवस आधी पालकांना मिळाला पाहिजे असा राज्याचा नियम आहे आणि तो पाळला गेला. त्या दहा दिवसांचे मोल मोठे आहे. बैठकीतच पहिल्यांदा आकडे पाहणाऱ्या पालकाला त्यांतले काहीही कळणे शक्य नाही. या चाचण्यांत १०० ही सरासरी धरतात आणि साधारण दोन तृतीयांश मुले ८५ ते ११५ या पट्ट्यात येतात. आमच्या मुलाचा भाषिक तर्कशक्तीचा गुणांक ११८ होता, म्हणजे त्याच्या वयाच्या शंभरांपैकी सुमारे ८८ मुले त्याच्या मागे होती. शब्दवाचनाचा गुणांक ८२ होता, म्हणजे फक्त १२ मुले मागे होती. दोन आकड्यांमधील ही दरी हीच त्याची पात्रता ठरली. विशिष्ट अध्ययन अक्षमता या गटात, मूलभूत वाचनकौशल्य आणि वाचनाचा ओघ या दोन बाबींवर, तो जून २०२३ मध्ये पात्र ठरला. अहवालात डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाच्या या अडचणीचे प्रचलित नाव, हा शब्द नव्हता. मी विचारल्यावर ‘तो वैद्यकीय शब्द आहे, शाळा तो वापरत नाही’ असे सांगण्यात आले. केंद्रीय खात्याने २०१५ सालीच कळवले आहे की हा शब्द वापरण्यास कायद्याची कोणतीही मनाई नाही. आम्ही तसे दाखवल्यावर तो मुलासाठी तयार झालेल्या लेखी वैयक्तिक शिक्षण योजनेत लिहिला गेला. शब्दाचा आग्रह मी धरला, कारण त्यावरूनच कोणत्या पद्धतीने शिकवायचे हे ठरते.

आता ज्यांना ही सेवा मिळाली नाही त्यांच्याविषयी. माझ्या मैत्रिणीच्या मुलीला अवधानाची अडचण आहे, डॉक्टरांचे निदान हातात आहे, तरीही शाळेने तिला अपात्र ठरवले. मैत्रीण फार दुखावली. डॉक्टरांनी सांगितले तरी शाळा कोण नाही म्हणणारी, असा तिचा प्रश्न होता. परंतु डॉक्टरांचे निदान पात्रतेचा एक पुरावा असतो, पात्रता नव्हे. ती मुलगी वाचनात आणि गणितात वर्गाच्या बरोबरीने होती. तिला हवे होते ते परीक्षेत जास्त वेळ, गृहपाठाच्या नोंदीवर रोज बाईंची सही आणि मधून मधून उठण्याची मुभा. यासाठी १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील कलम ५०४ खाली योजना मिळते आणि ती तिला मिळाली. त्यात अभ्यासक्रम आणि शिकवण्याची पद्धत बदलत नाही, फक्त वाटेतील अडथळे दूर होतात. मैत्रिणीला मी हे तोंडावर सांगू शकले नाही, पण शाळेचा निर्णय मला बरोबर वाटतो. पुढे गुण घसरले तर ती पुन्हा मूल्यमापन मागू शकते, तो मार्ग बंद झालेला नाही.

माझ्या दिरांचा मुलगा नाशिकहून थेट चौथीत आला. तो वर्गात मागे पडला, पण नाशिकला मराठी माध्यमात तो नीट वाचत होता. त्याला इंग्रजीचा वेगळा वर्ग मिळाला, विशेष शिक्षण मिळाले नाही, आणि तेही योग्यच झाले. मात्र अशा मुलांच्या पालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इंग्रजी शिकत असलेल्या मुलाचे मूल्यमापन करता येत नाही असे कोणी सांगितले तर ते खरे नाही. ज्या मुलाला मायदेशात, मायबोलीतही वाचता येत नव्हते, त्याला इंग्रजी येईपर्यंत तीन वर्षे थांबवणे अन्यायाचे आहे. मूल्यमापन शक्यतो मुलाच्या स्वतःच्या भाषेत करावे असे कायदाच म्हणतो. भारतातील जुन्या वह्या आणि तिथल्या शिक्षकांचे पत्र अशा वेळी फार उपयोगी पडते, तेव्हा सामान हलवताना ते रद्दीत टाकू नये.

तिसरी गोष्ट सांगताना मला अजूनही वाईट वाटते. शनिवारी मराठी शाळेत मी शिकवते, तिथल्या एका मुलीविषयी ती आहे. ती सर्वच विषयांत हळू आहे. तिचा बुद्ध्यंक ७९ आला आणि वाचनाचा गुणांक ८०. बौद्धिक अक्षमता ठरण्यासाठी बुद्ध्यंक साधारण ७० किंवा त्याखाली लागतो, शिवाय रोजच्या व्यवहारातही मोठी अडचण दिसावी लागते. ती त्यात बसत नाही. अध्ययन अक्षमतेसाठी तिच्या शाळेत बुद्धी आणि वाचन यांत दरी लागते. तिच्यात दरी नाही, कारण दोन्ही सारखेच कमी आहेत. म्हणजे माझा मुलगा ज्या आकड्याने आत गेला, त्याच आकड्याने ती बाहेर राहिली, आणि वाचनात दोघे जवळजवळ एकाच पायरीवर उभे होते. ‘ती तिच्या कुवतीप्रमाणे करते आहे’ असे तिच्या आईला सांगण्यात आले. या वाक्याने त्या माउलीचे काय झाले असेल ते मी लिहू शकत नाही. २००४ च्या दुरुस्तीने राज्यांना हा दरीचा निकष सक्तीचा करण्यास मनाई केली आहे, आणि चांगली शिकवणी देऊनही मूल प्रतिसाद देत नाही या आधारावर पात्रता ठरवण्याची मुभा दिली आहे. न्यू जर्सीत मात्र दोन्ही रीती चालतात, आणि कोणती वापरायची हे स्थानिक शाळामंडळावर अवलंबून आहे. ज्या मुलीला ‘प’ आणि ‘ष’ वेगळे करून दाखवणारी शिक्षिका हवी आहे, तिच्या बुद्ध्यंकाशी त्या शिक्षिकेला काय देणेघेणे असावे, हे मला आजही समजलेले नाही. या सेवेला मी पूर्ण गुण देत नाही त्याचे पहिले कारण माझे पंधरा महिने नाहीत, ही मुलगी आहे.

नकार आल्यास काय करता येते, हेही नोंदवते. शाळेला नकाराची कारणे लेखी द्यावी लागतात. मूल्यमापन पटले नाही तर शाळेच्या खर्चाने बाहेरच्या तज्ज्ञाकडून स्वतंत्र मूल्यमापन मागता येते. तेच आम्ही खासगीत विचारले तेव्हा एका ठिकाणी चार हजार डॉलर सांगितले होते. प्रकरण सुनावणीपर्यंत गेले तर न्यू जर्सीत आपली बाजू सिद्ध करण्याचा भार शाळामंडळावर असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालानुसार तो दाद मागणाऱ्यावर पडला होता, पण या राज्याने जानेवारी २००८ मध्ये कायदा करून तो शाळेवर आणला. ही गोष्ट पालकांच्या बाजूची आहे. मराठी शाळेतील त्या मुलीच्या आईने स्वतंत्र मूल्यमापन मागावे म्हणून आम्ही दोघी मिळून पत्र लिहिले आहे. शाळा पैशाकडे पाहून मुले बाहेर ठेवतात का, असे मला अनेक जण विचारतात. माझ्या मुलाच्या शाळेविषयी मी तसे म्हणू शकत नाही, पण टेक्सास राज्याने २००४ मध्ये विशेष शिक्षणातील मुलांच्या प्रमाणासाठी ८.५ टक्के हा आकडा ठरवून शाळांना त्याच्या जवळ राहायला लावले होते, आणि त्यामुळे पात्र मुले वंचित राहिल्याचा निष्कर्ष केंद्रीय खात्याने जानेवारी २०१८ मध्ये काढला. तेव्हा लेखी विनंती करण्यात संकोच कसला?

प्रत्यक्ष सेवेविषयी थोडक्यात सांगते. मुलगा रोज ४० मिनिटे तीन मुलांच्या गटात विशेष शिक्षिकेकडे वाचतो; ऑर्टन-गिलिंगहॅम पद्धतीवर आधारलेली, ध्वनी आणि अक्षर यांची पायरी-पायरीने सांगड घालणारी ती शिकवणी आहे. उरलेला पूर्ण दिवस तो आपल्या नेहमीच्या वर्गात असतो. वेगळ्या खोलीत कायमचे बसवतील, शिक्का बसेल, कॉलेजच्या अर्जात दिसेल, अशा ज्या भीती आमच्या घरी व्यक्त झाल्या होत्या, त्यांतील एकही खरी ठरली नाही. दुसरीत मिनिटाला ३० शब्द वाचणारा मुलगा चौथीच्या अखेरीस ९५ वर आला. वार्षिक उद्दिष्टे मात्र पहिल्या वर्षी फार मिळमिळीत लिहिलेली होती, ‘वाचनात सुधारणा होईल’ अशा धाटणीची. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एंड्रयू एफ. खटल्यात नाममात्र प्रगती पुरेशी नाही, मुलाच्या परिस्थितीनुसार योग्य अशी प्रगती व्हावी असे म्हटले आहे. त्याचा आधार घेऊन आम्ही मोजता येतील असे आकडे घालून घेतले.

ठाण्याला माझ्या नणंदेच्या मुलालाही हीच अडचण आहे. भारतात २०१६ च्या कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारच्या अपंगत्वांत विशिष्ट अध्ययन अक्षमता येते. तिला प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयात कैक फेऱ्या घालाव्या लागल्या, आणि त्या प्रमाणपत्रावर मुलाला दहावीला जादा वेळ मिळाला. रोज वाचायला शिकवणारी बाई मात्र तिने पदरच्या पैशाने शोधली. येथे उलट आहे: निर्णय रुग्णालयात होत नाही, शाळेत होतो, आणि मिळते ती सवलतीपेक्षा शिकवणी. म्हणूनच येथे आलेल्या आपल्या लोकांनी आधी डॉक्टरचा कागद मिळवायचा, मग शाळेत जायचे, ही भारतातील सवय सोडावी. डॉक्टरांचे निदान नसतानाही शाळेकडे मूल्यमापन मागता येते.

मुलगा आता पाचवीत आहे. दर तीन वर्षांनी पुनर्मूल्यमापन करावे लागते, त्याची मुदत येत्या जूनमध्ये भरते, आणि त्याची बैठक पुढच्या महिन्यात ठरली आहे. निमंत्रणासोबत एक ओळ आहे: मुलाची प्रगती पाहता नव्या चाचण्यांची गरज नाही असे शाळेच्या टीमला वाटते. तो आता वाचतो हे खरे आहे, पण त्याने लिहिलेल्या एका परिच्छेदात काल मी स्पेलिंगच्या अकरा चुका मोजल्या. सहावीला तो दुसऱ्या इमारतीत, सात निरनिराळ्या शिक्षकांकडे जाईल. लेखनाची संपूर्ण चाचणी घ्यावी, असे पत्र मी काल रात्री लिहून ठेवले आहे. त्याची प्रत काढून, मूळ पत्र उद्या सकाळी कार्यालयात देऊन, प्रतीवर तारखेचा शिक्का घेणार आहे.